पेट्रोल कुठे अडलं? : एका जुन्या जावाच्या निमित्ताने कारणाचा शोध



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘जुन्या मोटारसायकलचा पेट्रोलपुरवठा’ असं सांगितलं. पलीकडे जरा शांतता झाली. मग विचारणा झाली, “सर, हे रूपक म्हणून का?” (हशा) नाही, रूपक नाही. टाकी, कॉक, नळी आणि कार्बोरेटर यांच्याबद्दलच मी बोलणार आहे. पस्तीस वर्षं मुलांना तर्कशास्त्र शिकवलं. फळ्यावर डोंगर काढायचा, डोंगरावर धूर काढायचा आणि मुलांनी ‘तिथे अग्नी आहे’ असं म्हणायचं. दरवर्षी तोच डोंगर, तोच धूर. पण व्याप्ती, हेत्वाभास, अन्यथासिद्ध हे शब्द जेव्हा हाताला ग्रीस लागलेलं असतं तेव्हा फार लवकर समजतात, असा माझा अनुभव आहे. आज ते करून बघू.

तत्त्वज्ञान आणि मोटारसायकल एकत्र आले की कोणीतरी रॉबर्ट पर्सिगचं नाव काढतंच. १९७४ साली त्यांचं ‘झेन अँड दि आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ आलं. गृहस्थ काही काळ बनारसला भारतीय तत्त्वज्ञान शिकत होते. पुस्तक जरूर वाचा, पण आज आपलं अन्नंभट्टावर भागेल. त्याचा ‘तर्कसंग्रह’ सतराव्या शतकातला, लहानसा, विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी त्याची १८९७ साली बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये काढलेली आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते.

आणि गाडी कोणती? तर जावा २५०. झेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर रुस्तम आणि फारोख इराणी यांच्या आयडियल जावाने ही गाडी म्हैसूरला बनवायला घेतली, १९६०-६१ च्या सुमारास. १९७३ पासून टाकीवर ‘येझदी’ नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि गिअरचा दांडा हाच किकचा दांडा. इथे पांढऱ्या केसांची मंडळी हसतायत, म्हणजे त्यांच्या पोटऱ्यांना तो दांडा आठवतोय.

या गाडीची एक गोष्ट आधी नीट लक्षात घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे टू-स्ट्रोक इंजिन. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, पण पिस्टनला, सिलिंडरच्या भिंतीला आणि क्रँकच्या बेअरिंगला लागणारं ऑइल पेट्रोलमध्ये कालवूनच जातं. लिटरमागे साधारण ४० मिली, म्हणजे पंचविसास एक. आता बघा, पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचलं. शिवाय पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन अधिक तापतं. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. मेकॅनिक म्हणतात ‘इंजिन सीझ झालं’. पन्नासच्या वेगात हे झालं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर, मागून डंपर येत असताना. क्लच ताबडतोब दाबला तर माणूस वाचतो. फोर-स्ट्रोक बुलेटला पेट्रोल कमी पडलं तर ती ठसकून थांबते, कारण तिचं ऑइल वेगळ्या वाटेने फिरतं. टू-स्ट्रोकमध्ये ‘जरा गुदमरतेय, पण चालतेय ना’ असं म्हणून पुढे जाण्यात गाडी आणि हाडं दोन्ही पणाला लागतात.

आता पेट्रोलची वाट. जावाला पेट्रोलचा पंप नाही. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं तसं. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा तिथून आत यायला हवी. टाकीच्या तळाला कॉक. कॉकच्या तोंडाशी जाळी. मग रबराची नळी. मग कार्बोरेटरची वाटी, तिच्यात फ्लोट. फ्लोट म्हणजे संडासच्या फ्लशमधला गोळाच. पेट्रोल पुरेसं भरलं की तो वर येतो आणि त्याची सुई पेट्रोलचं तोंड बंद करते. वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून हवेच्या झोतात उडतं आणि इंजिनात जातं. झालं. एवढीच वाट.

किती पेट्रोल लागतं? हा हिशेब मी मेकॅनिकना विचारतो आणि ते माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात. गाडी ५० च्या वेगाने चालली आहे आणि लिटरला ३० किलोमीटर देते असं धरा. तासाला एक पूर्णांक दोन तृतीयांश लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे २८ मिली. खोकल्याच्या औषधाची तीन झाकणंसुद्धा नाहीत. जागेवर उभ्या इंजिनाला तर याच्या कितीतरी कमी. त्यामुळे वाट अर्धी तुंबली असली तरी आयसी कॉलनीच्या गल्ल्यांतून गाडी मजेत फिरते, आणि हायवेला लागली की दहा मिनिटांत मान टाकते. वाटीतला साठा जेमतेम मिनिटभराचा. तो संपेपर्यंत गाडी खोटं बोलत असते म्हणा ना.

इथून तर्कशास्त्र सुरू होतं. संध्याकाळच्या अंधूक उजेडात दूर काहीतरी उभं दिसतं. खांब आहे की माणूस? नैयायिक सांगतात, दोघांना समान असलेला धर्म दिसला, म्हणजे उंची दिसली, आणि वेगळेपणा दाखवणारा धर्म दिसला नाही, की संशय जन्मतो. हात-पाय दिसले की माणूस. ढोली दिसली की खांब. म्हणजे संशय मिटवायचा तर वेगळेपणा दाखवणारी खूण शोधायला हवी. उंचीकडेच जास्त वेळ बघत राहून उपयोग नाही.

बंद पडलेल्या गाडीपुढे पहिला संशय एकच असतो: पेट्रोल की करंट? ठिणगीला आपले मेकॅनिक करंट म्हणतात. ‘चालता चालता बंद पडली’ ही उंची झाली. दोघांतही असते. ‘गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाल्यावर सुरू होते’ हीसुद्धा उंचीच. कॉइल किंवा कंडेन्सर कमजोर झाला की अगदी हेच होतं, झाकणाचं भोक बुजलं तरी हेच होतं, आणि आणखी एका कारणाने हेच होतं, ते पुढे सांगतो. जो हेतू साध्य असताना असतो आणि नसतानाही असतो त्याला सव्यभिचार म्हणतात. त्याच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. तरी आपल्याकडे किती कॉइली या एका लक्षणावरून बदलल्या गेल्या असतील!

वेगळेपणाची खूण आहे स्पार्क प्लगपाशी. गाडी मेली त्याच क्षणी, पुन्हा किक न मारता, प्लग काढायचा. भाजेल, फडकं वापरा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. मग कॉक बंद करून, प्लगला वायर लावून, त्याचं अंग सिलिंडरच्या लोखंडाला टेकवून किक मारायची आणि निळी ठिणगी पडते का बघायचं. हे मेल्याबरोबर करायचं. दहा मिनिटांनी केलं तर साक्षीदार घरी निघून गेलेला असतो. आणि एक पथ्य कायमचं: ठिणगी बघताना पेट्रोल उघडं ठेवायचं नाही, पेट्रोल काढताना ठिणगीचं नाव काढायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. आपल्या सोसायट्यांत स्टिल्टखालीच मीटरची खोली असते. हे उद्योग तिथे करू नका. बाहेर, मोकळ्यावर.

आता एक खरी गाडी घेऊ.

आमच्या शेजारच्या सोसायटीत १९६९ ची जावा आहे. मालक दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी आच्छादन घालून स्टिल्टखाली उभी राहिली, दोन पावसाळे. मग सोसायटीची नोटीस लागली: वापरात नसलेली वाहनं महिन्याभरात हलवावीत. भंगारवाला येऊन बघूनही गेला. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, बारावीला तर्कशास्त्र होतं तिला. तिचं म्हणणं, बाबांची गाडी चालू स्थितीत राहिली पाहिजे. वडिलांनी नोंदणीचं नूतनीकरण करून ठेवलं होतं, पण तिच्या मनात ‘व्हिंटेज’ नोंदणी होती. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये तसे नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल करून मोठी दुरुस्ती न झालेली गाडी असेल तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००. मग ती गाडी रोज कामावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरती रस्त्यावर आणता येते.

गाडी सुरू झाली होती. एका मेकॅनिकने कार्बोरेटर धुतला, नवा प्लग घातला, ताजं पेट्रोल भरलं. बोरीवलीत फिरली. हायवेने गोरेगावच्या दिशेने गेली की सात-आठ किलोमीटरवर ठसका लागायचा आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की एका किकमध्ये सुरू. दुसऱ्या मेकॅनिकने कॉइल बदलली. कांदिवलीपर्यंत जाऊन आली, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी गोरेगावच्या अलीकडे पुन्हा तेच. मग कंडेन्सर आणि पॉइंट बदलले. तिसरा म्हणाला, “हा जुना कार्बोरेटर काढून टाका, आजच्या गाडीचा बसवून देतो. एका दिवसात काम.” कार्बोरेटर हा इंजिनाचा भाग धरायचा की नाही यावर आरटीओत वाद घालता येईल, पण जावाचा जिकोव्ह कार्बोरेटर काढून तिथे दुसरा बसवला, तर ती गाडी ‘मूळ स्वरूपातली’ आहे असं शपथेवर लिहिताना पेन अडखळणारच.

तेव्हा ती माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, गंमत म्हणजे बाबा असतानाही शेवटी शेवटी असंच व्हायचं. ते म्हणायचे, हिला चहा लागतो. टपरीवर थांबून चहा घेतला की सुरू होते.”

मी म्हटलं, “अगं, हे कुंभाराचं गाढव आहे.”

(हशा) सांगतो. घडा हे कार्य. माती हवी, कुंभार हवा, चाक फिरवायचा दांडा हवा. ही कारणं. पण घडा होण्यापूर्वी गाढवही तिथे होतं, त्याने माती वाहून आणली. मग गाढव हे घड्याचं कारण का नाही? कारण गाढवाशिवायही घडा होतो. माती डोक्यावर आणता येते. कार्याच्या आधी हजर असूनही ज्याच्यावाचून काही अडत नाही त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. विश्वनाथ पंचाननाच्या ‘भाषापरिच्छेदा’त याचे पाच प्रकार आहेत, त्यांत दांड्याचा रंग आहे, कुंभाराचा बापही आहे आणि पाचवं हे गाढव. चहा गाढवच. पण चहाबरोबर दुसरं काहीतरी येत होतं, ते होती दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत गाडीत काय बदलतं, हा खरा प्रश्न.

तीन गोष्टी बदलू शकतात. कॉइल थंड होते. टाकीतली पोकळी झाकणातून हळूहळू हवा घेऊन भरून निघते. आणि तिसरी थोड्या वेळाने.

रविवारी सकाळी ती हायवेवर गेली, मागे तिचा भाऊ दुसऱ्या गाडीवर. ठसका लागल्याबरोबर बाजूला घेतली, प्लग काढला. कोरडा. ठिणगी निळी आणि जोरकस. म्हणजे नव्या कॉइलचे आणि कंडेन्सरचे पैसे गाढवावर गेले होते. मग झाकण. भोक बुजलेलं असेल तर गाडी मेल्याबरोबर झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा ‘सूं’ असा आवाज येतो, आणि झाकण सैल ठेवून गाडी चालवली की दोष नाहीसा होतो. आवाज आला नाही. झाकण सैल ठेवून पुढे नेली, तरी पुन्हा मेली. झाकण निर्दोष.

इथे बरेच जण वैतागतात आणि सगळं एकदम खोलतात. कार्बोरेटर धुतात, नळी बदलतात, जाळी साफ करतात, आणि गाडी चालू झाली की हात धुतात. गाडी चालू झाली खरी, पण कशामुळे? ठाऊक नाही. महिन्याने पुन्हा बंद पडली की कुठून सुरुवात करायची, तेही ठाऊक नाही. अन्वय-व्यतिरेकाचा नियम साधा आहे. एक गोष्ट असताना कार्य होतं आणि बाकी सगळं तसंच ठेवून तेवढी एक काढली की होत नाही, तर त्या दोघांचा संबंध. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या ग्रंथात याला भेदपद्धती म्हणून मांडलं, बारावीच्या मुलांना ते पाठ असतं. ‘बाकी सगळं तसंच ठेवून’ हा त्यातला प्राण आहे. एका वेळी एकच पाना.

आम्ही नळी कार्बोरेटरच्या टोकाला सोडवली आणि मापाच्या काचेच्या बाटलीत सोडली. इंजिन थंड, गाडी मोकळ्या अंगणात. टाकीचं झाकण उघडं, म्हणजे झाकणाचा प्रश्नच उरला नाही. कॉक उघडला, घड्याळ लावलं. पहिल्या मिनिटात १८० मिली. उत्तम. दुसऱ्यात १२०. तिसऱ्यात ३०. चौथ्यात नुसता दोरा, मग थेंब. कॉक बंद करून दहा मिनिटं बसलो. पुन्हा उघडला: १७०! तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्गात पस्तीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

दोष कार्बोरेटरच्या आधी आणि झाकणाच्या नंतर. उरली टाकी, कॉक, नळी. रस्त्यावर दहा मिनिटांत इंजिनाने प्यायलं असतं सुमारे २८० मिली. बाटलीत तेवढं दोन मिनिटांतच उतरलं, म्हणून जे हायवेवर सात-आठ किलोमीटरनंतर व्हायचं ते अंगणात तिसऱ्या मिनिटाला झालं. हिशेब जुळतो. आणि तिसरं कारण हेच. टाकी अर्धी रिकामी ठेवून दोन पावसाळे उभी. वरच्या अर्ध्या भागातल्या दमट हवेने आतून गंज धरला. गोराईची खारी हवा इथे काय करते, ते आपल्या खिडक्यांच्या गजांना विचारा. गंजाचे पापुद्रे पेट्रोलबरोबर कॉकच्या जाळीवर येऊन चिकटतात, जसजसं पेट्रोल वाहतं तसतसे साचत जातात. प्रवाह थांबला की ते सुटून पुन्हा तळाला बसतात. दहा मिनिटं तेवढ्यासाठी लागत होती.

टाकी रिकामी करून कॉक काढला. जाळीवर तांबडा गाळ. जाळी धुऊन बसवली, पुन्हा बाटली. धार आता मिनिटामागून मिनिट सारखी राहिली, पण १८० च्या आसपासच. आणखी का नाही? कॉक उघडला तर आतला जुना रबरी वॉशर फुगून त्याचं भोक निम्मं झालेलं. तो बदलला, धार २०० च्या वर गेली.

मग ती म्हणाली, “सर, खरं कारण कोणतं? गंज की वॉशर?” चांगला प्रश्न आहे. नैयायिक एकट्या कारणावर थांबत नाहीत, ते सामग्री म्हणतात. सगळी कारणं जमली की कार्य होतं. फुगलेल्या वॉशरने वाट अरुंद केली होती, तरी ती एकटी गाडी बंद पाडू शकत नव्हती. १८० मिली म्हणजे गरजेच्या सहापट. गंज बंद पाडत होता. वॉशर फक्त वेळ लवकर आणत होता. म्हणून गंज आधी, वॉशर नंतर, पण बदलायचे दोन्ही.

आता वॉशर का फुगला, हा प्रश्न मला इथेनॉलकडे नेतो, आणि मला माहीत आहे की समोरच्या निम्म्या मंडळींना तोच ऐकायचा आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला जानेवारी २००३ मध्ये सुरुवात झाली, नऊ राज्यांत, त्यात महाराष्ट्र होता. जून २०२२ मध्ये देशभराची सरासरी १० टक्क्यांवर पोचली, आणि २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्क्यांचंच पेट्रोल मिळतं. उसाच्या राज्यात राहतो आपण, त्यामागचं अर्थकारण मी सांगायला नको. जावाच्या मंडळींत एक वाक्य पक्कं झालं आहे: ई-ट्वेंटी आलं आणि जुन्या गाड्या मेल्या. सरसकट खरं आहे का?

अन्नंभट्टाचं उदाहरण घ्या. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी आहे तिथे धूर आहे? नाही. लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला अग्नीबरोबर ओलं इंधन लागतं. या लपून बसलेल्या अटीला उपाधी म्हणतात. व्याप्ती सांगताना उपाधी गाळली की वाक्य खोटं होतं. ‘इथेनॉल असलं की गाडी बिघडते’ यात उपाधी आहेत, आणि त्या माझ्या मते दोन आहेत: जुनं रबर आणि उभी गाडी. नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराची नळी आणि वॉशर घातले, आणि गाडी आठवड्याला चालवली, तर हेच पेट्रोल पिऊन जावा चालते.

उभ्या गाडीत काय होतं ते मात्र गंभीर आहे. नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी विरघळत नाही, तळाला थेंब होऊन बसतं. इथेनॉल पाणी ओढून धरतं. थोडं पाणी मिसळून राहतं, पण एका मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला जातात, म्हणजे थेट कॉकच्या तोंडाशी. आणि आपलं टू-टी ऑइल? ते वर, पेट्रोलच्या थरात राहतं. तीन महिन्यांनी तुम्ही हौसेने किक मारता तेव्हा इंजिनाला पहिला घोट मिळतो तो जवळजवळ ऑइल नसलेल्या इथेनॉल-पाण्याचा. सुरू झालीच, तर ती कोरडी घासत चालते. म्हणून लांब उभ्या राहिलेल्या गाडीचं पेट्रोल आधी काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा. दोन थर दिसले तर सगळं काढा.

दुसरी गोष्ट. पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तर इंजिनाच्या दृष्टीने ते सात-आठ टक्के कमी आहे. नळीत अडथळा काही नाही, तरी पुरवठा कमी! तिच्या गाडीचा प्लग नंतरही फिकट दिसत होता. छान चॉकलेटी हवा. कार्बोरेटरच्या सुईला खाचा असतात, क्लिप एक खाच खाली बसवली, त्यामुळे सुई वर आली, प्लगचा रंग सुधारला. असा रंग बघायचा तो हायवेवरून आल्यावर. सिग्नलला थांबत थांबत आल्यावर बघितलेल्या प्लगला काही अर्थ नाही.

कार्बोरेटरबद्दल मी मुद्दाम शेवटी बोलतोय, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. ‘कचरा आला’ हे आपलं राष्ट्रीय निदान आहे. बाटलीत धार चांगली आली तरच कार्बोरेटर खोला. जेटच्या भोकात पोलादी तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल जास्त खाते. पंक्चरवाल्याकडच्या हवेने साफ होतं. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डुचमळलं तर डाग सुटला आहे. गरम पाण्यात बुडवला की जिथून बुडबुडा येईल तिथे भोक. आणि सगळं साफ करूनही गाडी पांढरा प्लग दाखवत असेल, आपोआप रेस होत असेल, तर पेट्रोल कमी नाही, हवा जास्त आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं पॅकिंग किंवा क्रँकचं सील गळतं आहे. इंजिन हळू चालू ठेवून सांध्यावर ऑइलचे थेंब सोडा. आवाज बदलला तर तिथे गळती. सीलचं काम मात्र जाणत्या माणसाकडेच द्या.

प्रश्न आहेत का? हं, बोला.

(श्रोत्यांतून: मी नळीत एक कागदी फिल्टर लावलाय. चालेल का?)

आजच्या गाड्यांत पेट्रोल पंपाच्या जोराने ढकललं जातं. आपलं वजनाने उतरतं. कागदाचा फिल्टर तो थोडका जोरही खातो, शिवाय नळीला वर-खाली वळण असलं तर हवेचा बुडबुडा अडकतो. जाळीचा लावा, आणि नळी सरळ उतरती ठेवा. लावल्यावर बाटलीची चाचणी पुन्हा करा.

(श्रोत्यांतून: पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे हे घरी कळतं का?)

ढोबळ कळतं. मापाच्या काचेच्या नळकांड्यात १०० मिली पेट्रोल घ्या, ऑइल न घातलेलं. त्यात १० मिली पाणी घाला, हलवा, थांबा. इथेनॉल पाण्यात उतरतं. तळाचा थर १० चा ३० च्या आसपास झाला, तर वीस टक्के. स्वयंपाकघरात करू नका. घरच्यांचा रोष सोडा, गॅसची शेगडी असते.

(श्रोत्यांतून: गंजलेली टाकी साफ कशी करायची? मला कोणी सांगितलं टाकीच बदला.)

पत्रा आरपार खाल्ला नसेल तर बदलू नका, ती टाकी पुन्हा मिळणार नाही. पेट्रोल पूर्ण काढा, कॉक काढून रबरी बूच घाला, वाफ जायला एक दिवस उघडी ठेवा. मूठभर छोटे नट आत टाका, पण मोजून टाका! पंचवीस टाकले तर पंचवीस बाहेर आले पाहिजेत. थोडं पाणी घालून खळखळवा. मग लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी काठोकाठ भरून रात्रभर ठेवा, बाहेरच्या रंगावर सांडू देऊ नका. दुसऱ्या दिवशी ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, म्हणजे आंबटपणा मरतो. नंतर लगेच वाळवा, तासाभरातसुद्धा नवा गंज धरतो. कोरडी झाली की ऑइल घातलेलं थोडं पेट्रोल आत सगळीकडे फिरवा. त्यानंतर पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर दोन पर्याय, टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी आणि आतून ऑइल लावलेली. अर्धी नको. आणि काढलेलं जुनं पेट्रोल गटारात ओतू नका, ते दहिसर नदीत जातं आणि वाटेत वाफ पेट घेऊ शकते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, तो भाग धुवायला वापरतो.